बोंडअळीचं खापर एकट्या कास्तकारावर कशाला? एक बोंड फोडून पाहा



बियाण्याच्या दुकानासमोर रांगा लागायच्या आधी हा विषय लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे, बैलांना पाणी पाजून झालं की निवांत वाचा. कृषी सहायक आणि विद्यापीठातली मंडळी पण हे पेज वाचतात. त्यांच्यासाठी तर खासच आहे.

गुलाबी बोंडअळीवर कोणताही मेळावा घ्या, एक वाक्य ठरलेलं असते. "तुम्ही लोकांनी रेफ्युजी लावली नाही, म्हणून बीटीची ताकद गेली." समोर बसलेले कास्तकार खाली पाहतात, कारण बीटीच्या पुड्यासोबतचा तो १२० ग्रॅमचा नॉन बीटीचा पुडा गावोगाव धुऱ्यावर नाहीतर कोठ्यात पडून राहिला, हे खरंच आहे. पण ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी बोंडाच्या आत आहे, आणि ती मेळाव्यात कोणी सांगत नाही. सांगितली तर खापर बियाणं बनवणाऱ्यावर आणि ते मंजूर करणाऱ्यावर पण फुटते.

आधी बीटी म्हणजे काय ते दोन ओळीत. जमिनीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू असतो. तो एक प्रथिन बनवतो, ते बोंडअळीच्या पोटात गेलं की तिचं आतडं फाटते. ते प्रथिन बनवायची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे, ते जनुक कापसात घातलं. २००२ मध्ये आपल्याकडे पहिलं आलं, त्यात एकच जनुक होतं, क्राय-१-एसी. २००६ मध्ये बीजी-२ आलं, त्यात क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी अशी दोन. आज दुकानात जो पुडा मिळते तो हाच बीजी-२. म्हणजे २००६ नंतर अळीसाठी नवं काहीच आलेलं नाही, पुड्यावरचं चित्र आणि नाव मात्र दरसाल बदलते.

आता मुद्द्याची गोष्ट. जगात बहुतेक ठिकाणी कापूस सरळ वाणाचा लावतात. आपल्याकडे जवळपास सगळा संकरित. याची सुरुवात बीटीच्या कितीतरी आधी झाली. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ काढला, व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस. संध्याकाळी बाया एकेका कळीतले पुंकेसर हातानं खुडणार, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग हातानं लावणार. इतकी मजुरी दुसऱ्या देशांना परवडत नव्हती, आपल्याला परवडली. एच-४ नं कास्तकाराला पिकवून दिलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण याच संकरित पद्धतीत बीटीचं जनुक टाकलं तेव्हा कंपन्यांनी बहुतेक करून ते एकाच पालकात टाकलं. बाप बीटी तर माय साधी, नाहीतर उलट. दोन्ही पालकांत जनुक बसवायचं तर पुन्हा पुन्हा संकर करत पाच-सहा पिढ्या जातात, वेळ लागते, पैसा लागते. एका पालकात टाकलं तरी पऱ्हाटी बीटीच दिसते, पानात विष तयार होते, अळी मरते. बाजारात लवकर उतरायची घाई होती, काम भागलं.

इथं दहावीच्या विज्ञानातला मेंडेल आठवा. चेक देशातल्या ब्रनो गावच्या मठातला तो पाद्री, वाटाण्यावर प्रयोग करणारा. प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मायेकडून, एक बापाकडून. आपल्या संकरित पऱ्हाटीत बीटीची एकच प्रत आहे, दुसऱ्या पालकानं रिकामी जागा दिली. झाडाला एक प्रत पुरते. पण त्या झाडाला बोंड लागते आणि बोंडात सरकी भरते, तेव्हा ती सरकी म्हणजे पुढची पिढी असते. तिच्यात वाटणी नव्यानं होते. चार सरक्या धरा. एकीला जनुकाच्या दोन प्रती मिळतात, दोघींना एकेक, आणि चौथीला काहीच नाही. तीनास एक. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी वाटाण्यात मोजलेलं हेच प्रमाण.

बीजी-२ मध्ये दोन जनुकं आहेत आणि त्यांची वाटणी वेगवेगळी होते. हिशोबाला सोपं जावं म्हणून एका बोंडात ३२ सरक्या धरू, साधारण तेवढ्याच असतात. त्यातल्या १८ सरक्यांमध्ये दोन्ही विषं. ६ मध्ये फक्त पहिलं. ६ मध्ये फक्त दुसरं. आणि २ सरक्या पूर्ण कोऱ्या, साध्या नॉन बीटी.

आता हे पाहा की गुलाबी अळी खाते काय. हिरवी अमेरिकन अळी पान, पातं, बोंड असं फिरून खाते. गुलाबीचं तसं नाही. ती अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडाला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पाडून आत घुसते, छिद्र पुन्हा बुजते, आणि आत बसून सरकी खाते. एक संपली की शेजारची. म्हणजे बाकी सगळ्या पऱ्हाटीत विष कितीही भरलेलं असो, या अळीचं ताट म्हणजे त्या ३२ सरक्या. आणि आपण तिला जे ताट वाढलं त्यात काही घास विषाचे, काही अर्ध्या विषाचे, काही बिनविषाचे. बरं, बीटीचं विष पऱ्हाटी शंभर-सव्वाशे दिवसांची झाल्यावर तसंही उतरत जाते, आणि गुलाबी अळीचा जोर नेमका तेव्हाच असतो.

रेफ्युजीचं शास्त्र कशावर उभं आहे ते आता पाहू, कारण दोन्ही गोष्टी इथं एकत्र येतात. अळीतही जनुकाच्या दोन प्रती असतात. विष पचवायची प्रत अगदी क्वचित एखाद्या अळीत असते. दोन्ही प्रती तशा असलेली अळी बीटीवर जगते, तिचा पतंग होतो. शेजारी नॉन बीटीचे तास असले तर तिथून साधे पतंग भरपूर निघतात, हा एकटादुकटा पतंग त्यांच्यातच जोडा करतो, आणि पिल्लांना विष पचवायची एकच प्रत मिळते. शास्त्र म्हणते, एका प्रतीवर ती पिल्लं पूर्ण विषाचा डोस सहन करू शकत नाहीत, बीटी पऱ्हाटीवर मरतात. झाली वंशाची समाप्ती.

"पूर्ण विषाचा डोस" हे शब्द पुन्हा वाचा. आपल्या संकरित बोंडात पूर्ण डोस आहेच कुठं? एका प्रतीची ती अळी कोऱ्या सरकीत वाढते, अर्ध्या विषाच्या सरकीत तगून राहते, मोठी झाली की विषाची सरकी पण थोडीफार पचवते. जी मरायला पाहिजे होती ती जगली, तिचा पतंग झाला. म्हणजे आम्ही रेफ्युजीचे पाच तास अगदी नियमानं लावले असते, तरी त्या शास्त्राचा पाया बोंडाच्या आत ठिसूळच होता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी ही गोष्ट अनेकदा मांडली आहे. शास्त्रज्ञाला माहीत आहे, मग मेळाव्यातल्या फलकावर का येत नाही, हा माझा सवाल आहे.

पुढं झालं ते सगळ्यांच्या वावरातलं आहे. २०१० मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी अळीनं पहिलं विष पचवल्याचं जाहीर झालं. पहिलं निकामी म्हणजे बीजी-२ चं सारं ओझं दुसऱ्या एकट्या जनुकावर. आता ३२ सरक्यांचा हिशोब पुन्हा करा. दुसरं जनुक २४ सरक्यांत आहे, ८ मध्ये नाही. चारातली एक सरकी अळीला मोकळी. काही वर्षांतच गुजरातेत बीजी-२ पण पोखरलं गेलं, आणि २०१७ मध्ये आपल्या महाराष्ट्रात काय झालं ते सांगायची गरज नाही. डोमकळ्या, किडकी सरकी, पिवळी रुई, व्यापाऱ्यानं पाडून मागितलेला भाव. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० पेक्षा जास्त माणसं गेली. त्या फवारण्या सगळ्याच काही गुलाबी अळीसाठी नव्हत्या, पण बीटीमुळे फवारणी जाईल हा शब्द आम्हाला दिलेला होता, तो तिथं संपला.

रेफ्युजीच्या पुड्याची पण गंमत ऐका. काही वर्षं नॉन बीटी कापसाच्या ऐवजी तुरीचं बियाणं दिलं तरी चालेल अशी मुभा होती. अमेरिकन अळीला तूर चालते. गुलाबी अळी तुरीला तोंड लावत नाही, तिचं खाणं म्हणजे कापूसच. मग तुरीच्या तासातून साधे पतंग कुठून निघणार होते? आता पुड्यातच थोडं नॉन बीटी बियाणं मिसळून देतात. ही कल्पना मुळात चांगली आहे, कास्तकाराच्या मर्जीवर काही सोडत नाही. पण अळीनं दोन्ही विषं पचवल्यावर ती आली. घोडे निघून गेल्यावर तबेल्याला कडी.

मग दुसरीकडे काय झालं ते पण सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल की बीटीच वाईट. अमेरिकेत ॲरिझोना भागात हीच गुलाबी अळी होती. तिथला बीटी कापूस सरळ वाणाचा. सरळ वाणात जनुकाच्या दोन्ही प्रती असतात, म्हणून प्रत्येक सरकीत विष, कोरी सरकी नाही. रेफ्युजी तिथल्या लोकांनी लावली. आणि २००६ पासून विमानातून नपुंसक केलेले गुलाबी अळीचे पतंग वावरावर सोडले. त्या पतंगांना अळीपणी लाल रंग खाऊ घालत, म्हणजे सापळ्यात पडलेला पतंग आपला की रानातला ते ओळखू येई. २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. जनुक त्याच घराण्यातलं, अळी तीच.

चीनची गोष्ट अजून विचार करायला लावणारी. यांगत्से नदीच्या खोऱ्यात कास्तकार संकरित बियाण्याची पुढची पिढी, म्हणजे आपण जिला एफ-टू म्हणतो ती सरकी लावायला लागले, कारण ती स्वस्त पडे. त्या सरकीत चारात एक झाड पूर्ण नॉन बीटी निघे. आपोआप वावरभर रेफ्युजी पसरली. तिथं अळीत वाढायला लागलेली विष पचवायची ताकद उलट खाली आली, हे २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी छापून दाखवलं. इथं एखादा कृषी पदवीधर बरोबर विचारेल, की त्या झाडांच्या बोंडातही सरकी मिसळलेलीच होती ना, मग तिथं फायदा कसा? होती. पण चारातलं एक अख्खं झाड साधं असल्यानं साध्या पतंगांची फौज इतकी मोठी निघाली की मिसळीचा तोटा झाकला गेला. आपल्याकडे मिसळ बोंडात होती आणि साधी झाडं वावरात नव्हती. दोन्ही बाजूनं मार.

आता पैशाकडे येऊ, कारण बीज आणि पैसा वेगळे करता येत नाहीत. संकरित बियाणं दरसाल विकत घ्यावं लागते. २०२५ मध्ये बीजी-२ चा ४७५ ग्रॅमचा पुडा ९०१ रुपयांचा होता. महाग बियाणं म्हणून कास्तकार लांब लावतो, चार बाय दीड फूट, एकरी सव्वासात हजार झाडं. झाडं कमी म्हणून प्रत्येक झाडाकडून जास्त बोंडांची अपेक्षा, म्हणून पऱ्हाटी सहा-सात महिने उभी. त्यावर फरदड. जितकं पीक लांबलं तितक्या अळीच्या पिढ्या. आम्हाला म्हणतात फरदड घेऊ नका. बरोबर आहे, घेऊच नये, डिसेंबरात पऱ्हाटी उपटलीच पाहिजे. पण लांब चालणारं झाड आमच्या हातात कोणी दिलं?

उलट बाजू अशी. कमी दिवसाचं आटोपशीर झाड, तीन फूट बाय अर्धा फूट, एकरी २९ हजार झाडं. एका झाडाला आठ-दहा बोंडं लागली तरी पुरते, आणि नोव्हेंबरात वेचणी आटोपते. अळीची फौज भरायच्या आत कापूस घरात. हे संकरित पुड्यातून करायचं तर एकरी सहा पुडे लागतात, साडेपाच हजाराच्या आसपास नुसतं बियाणं. घरच्या सरकीतून केलं तर? सरळ वाणाची सरकी राखता येते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे, त्यात घरचं बी राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा, ब्रँड न लावता विकायचा हक्क कास्तकाराला दिलेला आहे. नागपूरच्या संस्थेचं सूरज, अकोल्याचं रजत ही सरळ वाणं. पहिलं जनुक घालून काही सरळ वाणांची बीटी आवृत्ती सरकारी संस्थांनी काढली पण. त्याच्याही आधी २००९ मध्ये बिकानेरी नरमा नावाचं सरकारी सरळ बीटी वाण आलं होतं. त्यात खासगी कंपनीचंच जनुक मिसळलेलं निघालं आणि ते बंद पडलं. त्या भानगडीत सरळ वाणाचं नाव खराब झालं आणि दहा वर्षं वाया गेली, असं माझं मत आहे.

सरळ वाण म्हणजे जादू नाही, हेही स्पष्ट लिहितो. पहिलं जनुक गुलाबी अळीला केव्हाच चालेनासं झालं आहे. सरळ बीटी वाण गुलाबी अळीपासून वाचवते ते लवकर येऊन, जनुकानं नाही. भारी जमिनीत, ओलिताखाली एका झाडाचा उतारा संकरितपेक्षा कमी दिसतो, आणि माणूस झाडाकडे पाहतो, एकराकडे पाहत नाही. दाट लागवडीत डवरणी आडवी-उभी होत नाही, तणाचा त्रास वाढतो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बियाणं वेळेवर हातात पडत नाही. जाहिरात नाही, दुकानदाराला त्यात कमाई नाही.

काही भाऊ म्हणतात एचटीबीटी लावा. २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरून आंदोलन पण केलं. तणाच्या मजुरीनं माणूस मेटाकुटीला येते, ते मला समजते. पण गुलाबी अळीच्या हिशोबानं त्यात काही नवं नाही. तणनाशक सहन करायचं जनुक अळीला मारत नाही, आणि विनाबिल, विनापावती पुड्यात नक्की काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही. पीक बुडालं तर दाद कुठं मागणार?

आता नव्या जनुकाची चर्चा सुरू आहे. येऊ द्या, मी विज्ञानाच्या विरोधात नाही. फक्त मंजुरीच्या टेबलावर बसणाऱ्यांनी एक प्रश्न लेखी विचारावा. हे जनुक संकरिताच्या दोन्ही पालकांत आहे का? असेल तर प्रत्येक सरकीत विष येईल. नसेल तर परत तीच मिसळ, परत पाच-सात वर्षांत तीच अळी, परत मेळाव्यात आम्ही खाली पाहत बसणार. ही अट कागदावर एका ओळीची आहे. २००२ मध्ये घालता आली असती, २००६ मध्ये पण घालता आली असती. आणि तेच जनुक सरळ वाणात पण द्या. सरळ वाणात दिलं की बियाण्याचा धंदा बसतो, हे कारण सांगायचं असेल तर उघड सांगा.

ज्यांना यंदा सरळ वाणाची सरकी राखायची आहे त्यांच्यासाठी थोडं. धुऱ्याकडचे आठ-दहा तास सोडून वावराच्या मधल्या भागातलीच बोंडं घ्या, मधमाशी शेजारच्या बीजी-२ चा पराग आणते आणि कडेची सरकी भेसळीची होते. पहिल्या-दुसऱ्या वेच्यातला कापूस घ्या, पाऊस लागलेला नको. मोठ्या जिनिंगवर देऊ नका, तिथं दहा गावची सरकी एक होते, हातरेचा किंवा लहान यंत्र शोधा. पेरायच्या आधी शेणमातीच्या काल्यात घोळून सावलीत वाळवा, तूस बसते आणि बी सुटं पडते. आणि शंभर दाणे ओल्या पोत्यात उगवून पाहिल्याशिवाय पेरू नका.

बीजी-२ लावणाऱ्यांनी एकरी दोन कामगंध सापळे फुलावर यायच्या आधी लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठच्या वर पतंग पडले की फवारणीचा विचार करा, शेजाऱ्यानं पंप काढला म्हणून आपण काढू नका. डोमकळी दिसली की तोडून जाळा.

आणि कृषी विभागाला, विद्यापीठाला एक विनंती. सरकीत बीटीचं विष आहे की नाही ते दाखवणारी पट्टी मिळते, नागपूरच्या संस्थेनं अशा चाचण्या बनवलेल्या आहेत. ऑक्टोबरात एक दिवस या. बोंडं आमच्या शिवारातली देऊ, ज्या कंपनीची म्हणाल त्या कंपनीची. पन्नास कास्तकारांसमोर एक बोंड फोडा, ३२ सरक्या वेगळ्या ठेवा, एकेका सरकीला वेगळी पट्टी लावा आणि किती कोऱ्या निघतात ते फळ्यावर लिहा. पट्ट्यांचा खर्च आम्ही गावातून वर्गणी करून देतो. कोण येणार ते खाली लिहा, तारीख ठरवू.